भांडायचं बटण

फोन तिने काउंटरवर ठेवला नाही… आपटला.

काचेखालची कव्हरं थरारली. चार्जरची एक वायर खुंटीवरून घसरून लोंबकळायला लागली. आणि मान खाली घालून कुणाच्या तरी फोनवर काच चिकटवत बसलेल्या माणसाच्या हातून नेमका मधोमध एक बुडबुडा राहून गेला.

"भैया, ह्यातलं मूल बाहेर काढा."

त्याने मान वर केली. कपाळावर चढवलेलं भिंग, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि डोळ्यांत अगदी खरा गोंधळ. बाहेर, महाराष्ट्राच्या सीमेपल्याडच्या ह्या गावात, शनवाऱ्याच्या चौकात सकाळपासून भाद्रपदातली रिपरिप लागली होती. दुकानाच्या पत्र्यावर ती अशी वाजत होती, की मागच्या गल्लीतल्या पावरलूमची खडखडसुद्धा तिच्यात बुडून जावी.

"कोणतं मूल?"

"अकरा वर्षांचं. माझ्याच नावाचं. ह्या फोनमध्ये राहतं, दिवसाला दोन तास जागं असतं आणि बाकी वेळ झोपतं."

त्याने फोन उचलला. त्यावरचे पावसाचे थेंब शर्टाच्या टोकाने पुसले— हे मोनालीने रागातही पाहिलं, की पुसताना त्याने फोन एखाद्या ओल्या पाखरासारखा धरला होता. स्क्रीनवर एक हसरा पतंग उडत होता आणि खाली लिहिलं होतं: आजची वेळ संपली. आईबाबांना विचार.

"अच्छा… बच्चा-लॉक." त्याने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. "आणि मॅडम, तुमचं वय—"

"बावीस. बीएस्सी. फर्स्ट क्लास. मार्कशीट आणू?"

"नको नको." आता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायला लागला. "एक मिनिट… हा फोन कडूकाकांनी नेलेला ना? पेपर मिलवाल्या?"

दोन दुकानं पालथी घालून ती आली होती. दोघांनीही हात वर केले होते. तिसरं दुकान समोर दिसलं म्हणून ती पावसात धावत शिरली, आणि शिरली ती थेट चोराच्याच घरात! मोनालीच्या तळपायापासून निघालेली आग मस्तकात पोचायला फार वेळ लागत नसे. आज तर तिने मधले थांबेही घेतले नाहीत.

"म्हणजे हे तुम्ही करून ठेवलंय?"

"काका म्हणाले, पोरगी पास झाली, फोन द्यायचाय, पण सगळं बंद पाहिजे. कुठे आहे ते दिसलं पाहिजे. काही टाकायचं असलं तर आधी मला विचारलं पाहिजे." तो आवाज खाली आणत बोलला. "मोठ्या माणसाच्या नावावर ते लागत नाही. मग मी… वय अकरा टाकलं."

"पोरगी केवढी आहे, विचारलं?"

त्याने लोंबकळणारी वायर परत खुंटीला अडकवली.

"विचारलं का, भैया?"

"नाही विचारलं." त्याने भिंग कपाळावरून काढून बाजूला ठेवलं. "आणि ते भैया नका म्हणू, बरं. आधीच शिव्या खाऊन राहिलो, वरून भैया."

"मग काय दादा म्हणू?"

"ते तर त्याहून वाईट. विपुल म्हणा."

मोनालीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते तिने लगेच दाबून टाकलं. हसायला आली नव्हती ती.

"ऐका मग, विपुलजी. गेल्या मंगळवारी चार वाजता माझी मुलाखत होती. फोनवर, व्हिडिओवर. जळगावजवळ एक लॅब आहे, केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवतात तिथे. पावणेचारला मी त्यांचं ॲप टाकायला गेले, तर हा पतंग आला. आईबाबांना विचार! बाबा सेकंड शिफ्टला. त्यांचा फोन मिलच्या गेटवर, पेटीत. आईकडे बटणांचा फोन. शेजारच्या प्रियंकावहिनींचा मागून आणेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली, आणि मॅडम दुसऱ्या मुलीशी बोलायला लागल्या होत्या." तिचा आवाज किंचित चिरकला, तिने तो ओढून सरळ केला. "पप्पांनी शिफ्ट सुटल्यावर फोन पाहिला आणि परवानगी दिली. प्रेमाने दिली. सहा तासांनी!"

विपुलने काचेखालची कव्हरं उगाच सरळ केली. मग म्हणाला, "पण लॉक गलत नाही, मॅडम. रोज चार बाप येतात इथे. कोणाचं पोरगं जेवत नाही गेमपायी, कोणाच्या पोरीला अनोळखी माणूस मेसेज करून राहिला. घाबरलेले असतात लोक. मी काय म्हणू त्यांना, जा घरी?"

"आणि त्या चार बापांबरोबर एक तरी पोरगं येतं? ज्याच्या फोनला कुलूप, त्याला कधी विचारलं?"

"…नाही."

"चार कॅमेरे दिलेत ह्या फोनला. चार! आणि हेडफोनचं भोक काढून टाकलं, रेडिओ काढला, मेमरी कार्डची जागा काढली. ठीक. पण मी बावीसची आहे, हे सांगायला ह्यात एक जागा असावी की नाही?"

"ते खाली आहे ना बटण, 'विनंती पाठवा'."

"विनंती!" मोनाली काउंटरवर वाकली. तिच्या वेणीचं ओलं टोक काचेवर टेकलं. "विनंतीचं बटण आहे. भांडायचं कुठे आहे?"

ह्यावर विपुलला काहीतरी सुचलंही असतं, पण ते ओलं टोक काचेवर पाण्याची एक छोटी रेघ काढत होतं, आणि तो तिकडे बघत राहिला.

"काढून द्या हे. आत्ता."

"ते तुमच्या पप्पांच्या फोनवरूनच निघतं. नाहीतर सगळा फोन पुसून नवा करून देतो, त्यांना कळायच्या आत—"

"चोरून?" आता मात्र ती खरी भडकली. "चोरून करायचं असतं तर भुसावळला जाऊन केलं असतं. मला ते पप्पांच्या समोर निघायला पाहिजे. त्यांच्या हाताने."

"का पण? काम होण्याशी मतलब ना?"

"लॅबवाल्या मॅडमने पुढच्या गुरुवारची वेळ दिलीय. शेवटची. झाले पास, तर जळगावला होस्टेलवर राहावं लागेल. मी एकटीने एक फोन चालवू शकते, असं ज्या माणसाला वाटत नाही, तो मला दुसऱ्या गावात राहू देईल?"

बोलता बोलता तिने कानातलं काढलं, मागची फिरकी सोडवली, आणि डुलाच्या दांडीचं टोक फोनच्या कडेच्या बारीक छिद्रात खुपसलं. सिमची पट्टी टुपकन बाहेर आली.

"हे घ्या! आता बघा म्हणावं मी कुठे आहे."

सिम मुठीत, फोन पर्समध्ये, आणि बाई पावसात. विपुल त्या बुडबुड्याकडे बघत राहिला. मग त्याला काउंटरच्या फटीत सोन्याचा एक ठिपका चमकताना दिसला.

*

दुसऱ्या दिवशी मोनालीच्या एका कानात डूल होता आणि दुसऱ्यात झाडूची काडी.

आईने— सुलभाबाईंनी— सकाळी सकाळी घर डोक्यावर घेतलं होतं. "अगं माय, सोन्याची फिरकी! काय कान विकून आली का वं तू?" त्यामुळे ती पुन्हा शनवाऱ्याला निघाली, तेव्हा तिचा राग कालचाच होता, फक्त त्यावर आईची फोडणी बसली होती.

विपुलने काही न बोलता स्क्रीनगार्डबरोबर येते ती छोटी प्लास्टिकची पुडी पुढे केली. आत फिरकी, मऊ निळ्या कापडात गुंडाळलेली.

"धुऊन ठेवलीय," तो म्हणाला. "आणि काल रात्रभर एक विचार करून राहिलो. मी येतो तुमच्या घरी. काकांना सांगतो, वय मी खोटं टाकलं."

"तुम्ही कशाला? माझं भांडण मी भांडेन."

"तुमचं तुम्ही भांडा. मी माझी चूक सांगायला येईन. तेवढी जागा द्याल का भांडणात?"

तिने डूल कानात घातला. फिरकी दांडीवर बसेना. रागाने, दुसरं काय! विपुलने काउंटरवरचा छोटा आरसा तिच्याकडे फिरवला. इतकंच. तिच्याकडे बघितलंही नाही. पण आरसा नेमका तिच्या उंचीला फिरवलेला होता.

"रविवारी या," ती म्हणाली. "पप्पांना सुट्टी असते."

रविवार पाच दिवसांवर होता. त्या पाच दिवसांत मोनालीला शनवाऱ्यावर बरीच कामं निघाली. सिम परत घालायचं होतं, मग ते नीट बसलं की नाही ते बघायचं होतं, मग कव्हर सैल वाटत होतं. प्रत्येक वेळी भांडण व्हायचं. तो म्हणायचा, दहा वर्षांच्या पोराला लॉक पाहिजेच. ती म्हणायची, पाहिजे, पण दरवर्षी थोडं सैल होणारं. झबलं कोणी जन्मभर घालतं का? तो म्हणायचा, मग कंपनीला लिहा. ती म्हणायची, लिहिलंय, उत्तर आलं— आईबाबांना विचार. मग दोघं हसायचे, आणि हसल्याबद्दल तिला पुन्हा राग यायचा.

एकदा त्याने समोरून मावा जिलेबी मागवली. काळपट, गरम, पाकाने जड झालेली. एकच कागद, दोघांच्या मधे.

"राग आला की तुमचं नाक लाल होतं," तो म्हणाला.

"आणि तुमचं डोकं बंद पडतं. रिस्टार्ट मारत जा."

"मारून राहिलो… रोज." त्याने जिलेबीचा तुकडा मोडला. "तुम्ही गेल्यावर."

तिने तोंडातला घास नुसताच धरून ठेवला. चावायचं विसरून गेली.

*

रविवारी सकाळी विपुल यायच्या आधीच स्फोट झाला.

कडूभाऊ खाटेवर बसले होते. गावाकडे त्यांच्या आधीची दोन भावंडं दगावलेली, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून आजीने ठेवलेलं नाव कडू. माणूस मात्र गुळाच्या ढेपेसारखा, वरून टणक. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती त्यांना. उरलेल्या बोटांत फोन होता.

"बुधवार, चाळीस मिनिटं. गुरुवार, चाळीस मिनिटं. शुक्रवार, शनिवार… मोबाइलच्या दुकानात काय करून राहिली तू?"

मोनाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. हातात पिठाची परात. ती तिने खाली ठेवली— हळू, फार हळू.

"पप्पा, तुम्ही माझी मिनिटं मोजून राहिले?"

"मोजणार! बाप आहे मी!"

"बाप अकरा वर्षांच्या पोरीचा! त्या फोनमधल्या! मी कोण आहे मग? माझी मुलाखत गेली पप्पा, चार वाजताची, तेव्हा ही मिनिटं कुठे होती?"

"अगं हळू बोल, शेजारी—" सुलभाबाई म्हणाल्या.

"ऐकू दे शेजाऱ्यांना! त्यांच्याच फोनवर नाक घासलं मी त्या दिवशी!"

आणि त्याच क्षणी दारात विपुल. हातात दराब्याच्या मिठाईचा डबा, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर वाघाच्या पिंजऱ्यात चुकून शिरलेल्या माणसाचे भाव.

"काका, मी… वय मी टाकलं. चूक माझी आहे. पोरगी केवढी, न विचारता टाकलं. लॉक खोट्या वयावर उभं आहे."

कडूभाऊंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तूच तो चाळीस मिनिटंवाला?"

"हो काका. म्हणजे… शुक्रवारी पंचेचाळीस होती."

सुलभाबाईंनी पदर तोंडाला लावला. मोनालीला त्या क्षणी विपुलला मारावंसंही वाटलं आणि… आणि दुसरंही काही वाटलं. पण बोलायची वेळ वडिलांची होती.

"हे बघ," कडूभाऊ उठले. दाराजवळच्या खिळ्यावर त्यांची डब्याची पिशवी टांगलेली असे. तिच्यातून त्यांनी एक पितळी कुलूप काढलं आणि हातभर दोरी बांधलेला एक लाल पत्रा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत हिंदीत लिहिलेलं: आदमी अंदर है, चालू मत करो. मिलमध्ये मशीन साफ करायला माणूस आत उतरला, की मेन स्विचला हे लावायचं. कडूभाऊ आपलं कुलूप मिलमध्ये कधी ठेवत नसत, रोज घरी आणत. "तू म्हणतो लॉक खोट्यावर उभं आहे? हे माझ्या हाताकडे बघ. तिकडे महाराष्ट्रात होतो, त्या लहान मिलमध्ये, आता ती राहिली पण नाही. मी रोलरमध्ये होतो आणि कोणीतरी बटण दाबलं. त्या दिवसापासून कुलूप असल्याशिवाय मी कुठे हात घालत नाही. कुलूप आहे म्हणून माणूस जिता राहतो. माझी पोरगी त्या मशीनमध्ये हात घालून राहिली," त्यांनी फोनकडे बोट केलं, "आणि मी कुलूप लावू नको?"

बाहेर पागोळ्या टपकत होत्या.

मोनालीला ही गोष्ट पाठ होती. लहानपणापासून ऐकलेली, झोपताना, जेवताना. आणि म्हणूनच तिला एकाएकी ते दिसलं, जे बावीस वर्षांत दिसलं नव्हतं.

"पप्पा, कुलूप लावल्यावर चावी कोणाकडे असते?"

"जो आत उतरतो त्याच्याकडे. त्याच्या खिशात."

"सुपरवायझरकडे नाही?"

"नाही! कधीच नाही! त्या दिवशी चावी सुपरवायझरकडे होती म्हणूनच तर—" आणि कडूभाऊ थांबले. त्यांनी हातातलं पितळी कुलूप उलटं फिरवून पाहिलं. "त्याला वाटलं… सगळे बाहेर आले."

"तो वाईट माणूस होता का?"

"नाही." ते म्हणाले. "चांगला होता बिचारा. आमची काळजी करायचा."

मोनाली पुढे आली. आवाज आता चढा नव्हता, पण राग गेला नव्हता. तो नुसता खोल उतरला होता.

"मग ह्या मशीनमध्ये आत कोण आहे, पप्पा? तुम्ही की मी?"

कडूभाऊंनी कुलूप खाली ठेवलं. मग खाटेवर बसले. आपला फोन हातात घेतला. अंगठा टेकवला, लागला नाही. वर्षानुवर्षं लगदा आणि केमिकल हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा कधी एका झटक्यात उमटला नव्हता. विपुल पुढे झुकला, "काका, पिन—"

"आहे लक्षात."

त्यांनी एकेक आकडा दाबला. मोनाली खांद्यावरून बघत होती. आकडे होते तिच्या जन्माचे… दिवस, महिना, वर्ष. खरं वर्ष.

तिचा राग त्या क्षणी कुठे गेला, तिला सापडेना. तो असता तर बरं झालं असतं, कारण रागात रडू येत नाही.

"कुठे दाबायचं रे?" कडूभाऊंनी विपुलला विचारलं. "आणि माझ्याकडे बघ, तिच्याकडे नको."

*

गुरुवारी चार वाजता मोनाली आतल्या खोलीत फोनसमोर बसली. पाऊण तास बोलली. पेट्री डिश, ऊती, रोपांची मुळं… सगळं. बाहेर एवढी शांतता, की तिला वाटलं घरात कोणी नाहीच.

दार उघडलं, तर कडीला लाल पत्रा लटकत होता. आदमी अंदर है, चालू मत करो. आणि दाराबाहेर पाटावर कडूभाऊ, शिफ्ट बदलून घेऊन बसलेले. समोर सुलभाबाई, मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन.

"चटणी करू का आता?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

आठवड्याने पत्र आलं. लॅबने तिला घेतलं होतं.

*

निघायच्या आदल्या दिवशी ती शनवाऱ्याला गेली. पाऊस संपला होता. चौकात केळीचे ट्रक चिखल उडवत जात होते. विपुलने तिच्यासाठी एक जास्तीचा चार्जर बांधून ठेवला होता. आणि सिम काढायची पिन.

"कानातलं वापरू नका आता," तो म्हणाला.

"बरं."

"होस्टेलचं वायफाय असेल तर डेटा बंद ठेवा."

"बरं. अजून काही?"

तो काउंटरची काच पुसायला लागला. स्वच्छच होती ती. "…अजून… नाही. तेवढंच."

मोनालीने थोडं थांबून पाहिलं. मग अजून थोडं. मग तिचं नाक लाल झालं.

"ठीक आहे," ती म्हणाली. चार्जर उचलला आणि निघाली. मागे वळून पाहिलं नाही. कमाल माणूस! ढीगभर बटणं रोज दुरुस्त करतो आणि स्वतःचं एक दाबता येत नाही?

दुसऱ्या दिवशी गाडीने स्टेशन सोडलं. खिडकीबाहेर केळीच्या बागा, हिरव्या, ओल्या, धावत्या. प्लॅटफॉर्मवर कडूभाऊंनी काहीच मागितलं नव्हतं. नुसते तीन बोटांचा हात हलवत उभे होते. मोनालीने फोन काढला आणि स्वतःहून, कुणी न सांगता, आपण कुठे आहोत ते वडिलांना दिसेल असं केलं. पोचेपर्यंत.

मग बोट थांबलं. दुसरं एक नाव होतं. फोनने विचारलं: किती वेळ? एक तास, की तुम्ही बंद करेपर्यंत?

तिने दुसरं दाबलं. आणि खाली लिहिलं, "रागात आहे. कधीही बंद करीन. तू बघत बस."

लिहून झाल्यावर लक्षात आलं. तू!

उत्तर आलं नाही. मिनिटभराने फक्त नकाशावर अजून एक ठिपका उगवला. शनवाऱ्यावर. त्याचा.

*

बारा दिवस तो ठिपका शनवारा ते इतवारा, इतवारा ते शनवारा, म्हणजे दुकान ते घर, एवढाच फिरला. मोनाली लॅबमध्ये पांढरा कोट घालून बाटल्यांतली करंगळीएवढी रोपं बघायची आणि संध्याकाळी होस्टेलच्या जिन्यावर बसून त्या ठिपक्यावर चिडायची. मेसेज यायचे, नाही असं नाही. "जेवली?" "तिकडे पाऊस?" मिलच्या भोंग्यासारखे, वेळेवर आणि एकसुरी. बंद करून टाकावं का? रोज बोट त्या बटणापर्यंत जायचं. रोज परत यायचं.

तेराव्या दिवशी रविवार होता. कपडे वाळत घालता घालता तिने सहज पाहिलं, तर ठिपका गावच्या लालबाग स्टेशनवर.

असेल कोणाला सोडायला गेला.

दुसरी बादली धुऊन आणून पाहिलं, तर रावेर.

मोनालीच्या हातातला टॉवेल पडला, चिमटा तेवढा राहिला. थोड्या वेळाने सावदा. ठिपका चालत होता! केळीच्या बागांमधून, त्याच रुळांवरून, तिच्याकडे. भुसावळजवळ तो थांबला… आणि विझून गेला. फोन लावला तर बंद.

"मूर्ख!" ती ओल्या बादलीला म्हणाली, आणि चपला पायात सरकवून निघाली.

जळगाव स्टेशनच्या दाराशी गर्दीतून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात दराब्याचा डबा होता आणि दुसऱ्या हातात मेलेला फोन.

"बॅटरी गेली," तो म्हणाला.

"मोबाइलवाल्याची?"

"लोकांचे करता करता माझा राहून गेला."

"कोणाला विचारून आलास?" तिचं नाक लाल, आवाज चढलेला, आणि एका हातात अजून कपड्यांचा चिमटा. "सांगता येत नव्हतं? बारा दिवस! जेवली, पाऊस, जेवली, पाऊस! त्या दिवशी दुकानात तुझं तोंड—"

"विनंती पाठवणार होतो," विपुल म्हणाला. त्याचा आवाज थोडा कापला, पण नजर हलली नाही. "मग म्हटलं, तू ती सहा तासांनी बघशील. म्हणून मीच आलो. समोर विचारायला. तू मला… म्हणजे मला तू फार… अरे यार." त्याने दीर्घ श्वास घेतला. "आवडतेस. त्या बुडबुड्यापासून. ती काच मी काढून ठेवलीय, अजून कोणाला विकली नाही. आता मंजूर कर, नाहीतर नामंजूर. पण तोंडावर सांग."

लोक वाट काढत जात होते. एका हमालाने "बाजूला व्हा ना, भाऊ" म्हणत विपुलला धक्का दिला आणि तो तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. तिने त्याच्या हातातला मेलेला फोन काढून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला, आणि चेन लावली.

"आधी भांडायचंय मला."

"भांड ना. त्यासाठीच तर आलो." तो हसला. "किती वेळ लागेल?"

"चाळीस मिनिटं."

"पंचेचाळीस," विपुल म्हणाला, आणि दोघं चहाच्या टपरीकडे चालायला लागली. ती पुढे, तावातावाने बोलत. आणि तिचा एक हात मागे, त्याच्या दुमडलेल्या बाहीला घट्ट धरून.